जार क्रमांक एक्केचाळीस

तिसऱ्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर,
जळू आणि झुरळ यांच्या मधोमध
मी त्याला ठेवत आलो एकतीस वर्षं.
डिसिल्वा बाई म्हणायच्या, हडकर, जागा चुकवू नका,
तो दोघांना जोडणारा दुवा आहे.
मुलंही तेवढंच लिहायची पेपरात,
दोन मार्कांपुरतं.

चिठ्ठीवर पेरिपॅटस. शाई उडालेली.
आत, भिजवून विसरलेल्या सुतळीचा तुकडा म्हणावा
असं काहीतरी.
म्हणे याची कातडी मखमल.
मी पहिल्या वर्षी हसलो होतो.
मखमल म्हणजे मृगाचा किडा, लालभडक,
कुडाळला बांधावर धरून काडेपेटीत ठेवायचो तो.
फॉर्मलिनमध्ये रंग आधी जातो,
मग नाव.

एकदा प्रॅक्टिकलच्या मध्येच वीज गेली.
मुलं पांगली. बाई स्टुलावर बसून राहिल्या
आणि अंधारात सांगू लागल्या, मला, एकट्याला.
त्यांनी जिवंत पाहिला होता.
पार तिकडे, सियांगच्या खोऱ्यात,
कुजून मऊ झालेल्या ओंडक्याखाली.

पाय नव्हेत ते हडकर, म्हणाल्या,
पायांची सुरुवात.
हाड नाही, कवच नाही,
आतल्या पाण्याच्या जोरावर उभा.
अंगभर श्वासाची भोकं
आणि एकालाही झाकण नाही,
म्हणून ऊन नको, वारा नको,
ओल हेच घर.
तिथला तर डोळ्यांवाचूनच जगतो.
रात्री निघतो, मिशांनी चाचपत,
समोरच्याला इतक्या हलक्या हाताने शिवतो
की त्याला कळतही नाही.
मग तोंडाच्या दोन्ही बाजूंनी
चिकाच्या पिचकाऱ्या, लटपटत्या,
हवेतच विणलेलं जाळं.
शिकार खाऊन झाली की
सांडलेला चीकही परत खातो. फुकट काही जाऊ देत नाही.
पेजेचं पाणी न ओतणाऱ्या घरातला मी.
मला ते एकदम पटलं.

खिडकीतून गावदेवीचा डोंगर दिसायचा,
इमारतींच्या मधून वर आलेले काळे खांब.
तो लाव्हा होता, बाई म्हणाल्या.
मी विचारलं, त्याच्याआधी इथे अंधेरीत,
असाच एखादा ओंडका,
त्याच्याखाली असाच कुणी...
बऱ्याच वेळाने म्हणाल्या, ठाऊक नाही.
मऊ अंगाचं मागे काही उरत नाही, हडकर,
साक्षीला येतो तो दगडच.
तेवढ्यात वीज आली. पंखा फिरला.

त्या श्रावणात मी आरेला गेलो होतो.
कुणाला सांगितलं नाही. टॉर्च आणि छत्री.
एक ओंडका उलटला, दुसरा उलटला.
पैसा निघाला, वेटोळं करून बसलेला.
एक गोम. बुरशीचे पांढरे धागे.
आणि एक देवगांडूळ, ओलं, निळसर,
मातीत असं शिरलं
की जणू मातीनेच त्याला गिळलं.
तो नव्हता. नसणारच होता.
ओंडके होते तसे परत ठेवले.
कुणाचं छप्पर उचललं
तर लावून निघावं.

बाई गेल्या, त्याला आता नऊ वर्षं.
आज माझा शेवटचा दिवस.
यादीत लिहिलंय: एक्केचाळीस, कृमी, एक नग.
फॉर्मलिन बोटभर उतरलं होतं, भरलं.
झाकणाला मेण लावताना हात थांबला.
याच्या एकाही भोकाला झाकण नव्हतं
आणि मी एकतीस वर्षं...
असो. लावलं घट्ट.

नव्या मुलाने, प्रणीतने, बरण्या
उंचीप्रमाणे रचल्या आहेत. छान दिसतात.
तो चहा आणायला गेला तेव्हा
मी एक्केचाळीस काढून
जळू आणि झुरळाच्या मधे सरकवला.
त्याने येताच ओळखलं.
हे काय आहे, मामा?
दोन मार्कांचं उत्तर ओठांवर आलं होतं.
म्हटलं, राहतो,
ओल असते तिथे.